उलटा बाण

तिनं रिमोटवरचं, होडीच्या नांगराचं चित्र असलेलं बटण दाबलं. मोटार गुणगुणली, कयाकनं आपणहून तोंड फिरवलं आणि ती तलावाच्या मध्याकडे चालू लागली.

मागच्या बैठकीवर दिराचा उजवा पाय झटकन पुढं गेला. तो ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचा. गाडी दुसऱ्याच्या हाती असली की त्याचा पाय ब्रेक शोधायचा.

“हिला ब्रेक नाही, भाऊजी.”

“मला माहीत आहे, वहिनी. पायाला कोण सांगणार?”

मागं धक्क्यावर सासू घडीच्या खुर्चीत बसली होती. गेले आठ महिने ती रोज दुपारी तिथं यायची आणि पाण्याकडे तोंड करून मोठ्या मुलाशी हळू आवाजात बोलायची. नेमकं कुठं बघून बोलायचं, एवढंच तिला ठाऊक नव्हतं. निघताना तिनं सुनेचं मनगट धरलं होतं. “मला एकदा जागा दाखव. मग मी इथं यायची थांबेन.” सुनेलाही दुसरं काही नको होतं. नवरा अमुक ठिकाणी आहे, एवढं कळलं की तिला घरी जाऊन झोप लागली असती.

आठ महिन्यांपूर्वी नवरा मासे धरायला गेला, त्या सकाळी कयाक सापडली ती तलावाच्या मधोमध, रिकामी, वाऱ्याला तोंड करून. मोटार चालूच होती. वारा जितका मागं लोटेल तितकं पुढं रेटून ती कयाकला एका जागी धरून ठेवत होती. गळ टाकून बसलेला माणूस वाहून जाऊ नये, म्हणून केलेली ती सोय. इथं मासे धरणाऱ्या प्रत्येकाला ती माहीत होती, आणि माहीत होती म्हणूनच कुणी दुसरा विचार केला नाही. बटण जिथं दाबलं तिथं माणूस होता. जिथं होता तिथंच पडला. पाणबुडे कयाकच्या बरोबर खाली उतरले. गाळ फार आहे, म्हणाले. मग कुणीतरी मोटार बंद करून कयाक ओढून आणली आणि ती जागाही गेली. रिमोट त्याच्या गळ्यात असायचा. तो त्याच्याबरोबर बुडाला असं सगळ्यांनी धरलं.

नवा रिमोट जोडून दिला तो होड्यांच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्यानं.

“जागा मोटारीच्या डोक्यात असते बाई, रिमोटच्या नाही,” तो म्हणाला होता. “नांगर दाबलात की शेवटच्या जागी नेऊन उभी करील. साहेबांनी एकच वाट साठवलेली दिसते. आपल्या धक्क्यापासून तिथपर्यंतचीच असणार. परत यायला उलटा बाण दाबा, तीच वाट उलटी चालेल. सुलटा दाबलात तर पुन्हा तिथं जाऊन थांबेल. तुम्ही नुसत्या बसा.”

मध्यावर येऊन कयाक थांबली. लाटा पुढं जात होत्या, वाळकी पानं कडेनं वाहत चालली होती, कयाक तेवढी जागची हलत नव्हती. मधूनच मोटार जरा वळायची, झोपेत कुणी कूस बदलावी तशी, आणि पुन्हा शांत व्हायची.

दिरानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

“दादा,” तो म्हणाला. “तुझी गाडी मी वापरतोय. क्लच तूच घालवला होतास, बरं का.”

तिनं मनगटापर्यंत हात पाण्यात घातला. पाणी गार होतं. आता रडू येईल म्हणून ती थांबली, पण आलं नाही. खाली कुणी आहे असं तिला वाटेना. तिनं ओला हात उंच केला. धक्क्यावरून सासूनंही हात वर केला आणि खुर्ची जराशी वळवून घेतली.

“निघू या?”

“निघू.”

तिनं उलटा बाण दाबला. कयाक वळली आणि तिनं धक्क्याकडे पाठ केली.

“वहिनी, चुकीचं बटण दाबलंत.”

“नाही. हेच आहे.”

“मग बंद करा.”

“थांबा जरा.”

कयाक समोरच्या काठाकडे निघाली होती. पाण्याखालचा एक बुंधा तिनं डावीकडून टाळला, पाणवनस्पतींपाशी वेग कमी केला, मग उगाचच खूप रुंद वळण घेतलं. दिराचा पाय पुन्हा पुढं गेला आणि तिथंच राहिला.

“दादा असंच वळायचा,” तो म्हणाला. “किती वेळा सांगितलं, अर्धा रस्ता खातोस म्हणून.”

लव्हाळ्यामागं एक सपाट खडक होता. त्याच्यापासून हातभर अंतरावर मोटार आपणहून बंद झाली. वाट संपली होती.

ती खडकावर उतरली. पाऊल कोरडंच राहिलं. खडकाच्या कपारीत गमबुटांचा जोड उभा होता, टाचेला टाच लावून. आत पावसाचं पाणी साठलेलं, मोजे गुंडाळून खोचलेले. घरी दाराशी नवरा असेच ठेवायचा. कपारीपासून गवतातून गाडीच्या बुजत आलेल्या चाकोऱ्या वर रस्त्याकडे गेल्या होत्या.

दीर खाली उतरून तिच्या शेजारी आला. बुटांकडे त्यानं एकदाच पाहिलं.

“इकडं मासे चांगले लागत असतील.”

“बूट काढून?”

“इथंच पाय घसरला असेल, वहिनी.”

“मग कयाक तिकडं कशी गेली?”

तिनं गळ्यातला रिमोट हातात घेतला आणि सुलटा बाण दाबला.

रिकामी कयाक खडकापासून सुटली. तिनं रुंद वळण घेतलं, बुंधा टाळला. दोन्ही बैठका मोकळ्या, वल्हं आडवं ठेवलेलं. घाई न करता ती मध्यावर पोचली, वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली आणि तिथून हलली नाही. आताच कुणीतरी तिच्यातून पडलं असावं, अशी ती दिसत होती.

पलीकडे धक्क्यावर सासू खुर्चीतून उठली. काठापर्यंत आली. नीट दिसावं म्हणून दोन्ही हात तिनं डोळ्यांवर आडवे धरले होते.

“आई बघतेय,” दीर म्हणाला. मग त्यानं ओरडून पाहिलं. वारा तोंडावर होता, आवाज मध्यापर्यंतही गेला नाही. “वहिनी, बोलवा ती कयाक परत. तिला वाटेल आपण दोघंही...”

तिचा अंगठा बटणावर होता.

“भाऊजी, कयाक सापडली त्या दिवशी मी कुठं उभी होते?”

“आता काय त्याचं?”

“सांगा ना.”

त्यानं बोट केलं. “आई आहे ना, तिच्या डाव्या हाताला. कठड्याला धरून.”

“किती वेळ?”

“दिवसभर. अंधार पडेपर्यंत. आम्ही तुम्हाला ओढून नेलं.”

इथं उभं राहणाऱ्या कुणालाही कठड्याचा एकेक गज वेगळा दिसला असता. सासूच्या साडीचा रंग दिसत होता, ती हाका मारत होती तेही कळत होतं.

तिनं ते सगळं नीट पाहून घेतलं. मग उलटा बाण दाबला.