चार वेळा वाजलेली घंटा

घंटा एकदाच वाजवायची असते, हे शिगेकीला काय माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. ओसाकात, जूसोच्या त्या दोन खोल्यांच्या घरात देव्हाऱ्यापुढे बायकोचा, चिहारूचा फोटो ठेवून सात आठवडे तो रोज सकाळी वाटीएवढ्या घंटेवर एकच टोला देत होता. एकोणपन्नासाव्या दिवशी चिहारूच्या अस्थी पुरून घरी आला, काळ्या कपड्यांतच गुडघे टेकून बसला, घंटेची दांडी हातात घेतली आणि डोकं कुठे होतं कोण जाणे! टण, टण, टण, टण. एका लयीत, बरोब्बर चार.

"बाबा! काय हे?" मागून कानाए ओरडली. एकोणीस वर्षांची, एकुलती एक लेक. "देव्हारा आहे तो, स्टेज नाही!"

शिगेकी ओशाळला. पण सव्वीस वर्षं रॉक बँडमध्ये ड्रम बडवलेल्या माणसाच्या हातात काठी आली की हात चार मोजणारच. ड्रमवाल्याने काठीवर काठी आपटून चार मोजून द्यायचे आणि पाचव्याला सगळ्यांनी मिळून गाणं उचलायचं, हा त्यांचा धंद्याचा रिवाज.

आणि पाचव्याला कुणीतरी गाणं उचललं.

कानांना काही ऐकू आलं नाही. गुडघ्यांखालच्या चटईतून आलं. एक खोल, जाड सूर, मग दुसरा. चिहारूची बास गिटार! बँडमध्ये बास तीच वाजवायची. तिचा हात त्याने हजारांत ओळखला असता. प्रत्येक सूर ठोक्यानंतर केसभर उशिरा. "म्हशीसारखी रमतगमत येतेस," म्हणून तो जन्मभर तिच्यावर खेकसला होता. खरं तर त्याची बोबडी वळायला हवी होती. पण छे, त्याला आनंद झाला. इतका की डोळे भरून आले.

चिहारू गेली तेव्हा हा नागोयाला स्टेजवर होता. तिनेच दवाखान्यातून पिटाळलं होतं. "जा रे, लोकांनी तिकिटं काढलीयेत. मी कुठे पळून चाललेय?" म्हणाली, आणि पळून गेली. एरवीही हा माणूस तोंडाने काही बोलला असेल तर शपथ. लग्नाची मागणी, भांडण, माफी, सगळं तालमीच्या खोलीत ड्रमच्या आडून. लेकीचे किती वाढदिवस दौऱ्यांत बुडाले, ते त्याला सांगताही आलं नसतं. बायको गेल्यावर बोलायचं ते सगळं तसंच तुंबून राहिलं होतं. आता निदान ती पायांखाली वाजत तरी होती.

तालमीच्या खोलीतही ती यायची. दाईगो गिटार वाजवायचा आणि गायचा, शाळेपासूनचा दोस्त. नवा बासवाला घ्यायला दोघांचंही मन होईना, म्हणून दोघेच वाजवत.

"आजोबा, झोपलात काय?" दाईगो गाणं थांबवून ओरडायचा. "रॉक आहे हे, अंगाई नाही!"

शिगेकी काय सांगणार? तो जमिनीची वाट बघत होता, आणि जमीन दिवसेंदिवस सावकाश होत चालली होती. वाजवण्यापुरतंच असतं तर एक वेळ ठीक होतं. पण रस्ता ओलांडताना अर्ध्यात सिग्नल लाल व्हायला लागला. उदोनचा, जाड शेवयांचा वाडगा संपेस्तोवर गार व्हायला लागला. एकदा सहज मनगट धरून त्याने नाडी मोजली. मिनिटाला चाळीस! आठवड्याने छत्तीस. त्याचं काळीजच चिहारूच्या सुरासाठी थांबायला लागलं होतं.

तरी त्याने कुणाला सांगितलं नाही. असंच हळूहळू होत एक दिवस थांबलो तर तिच्याबरोबर थांबू, एवढाच विचार त्याच्या मनात आला, आणि त्या विचाराने त्याला बरं वाटलं.

मग एका दुपारी तो स्वयंपाकघरात गेला. कानाए सिंकपाशी पाठमोरी उभी होती. नळ चालू, भांडी तशीच, पाय अनवाणी. तिची टाच जमिनीवर पडत होती. टप्. मग बराच वेळ काही नाही. मग टप्, केसभर उशिरा.

शिगेकीच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"कसला ताल धरलायस गं?"

"कुठे काय?" ती हसली. आई गेल्यापासून ही पोरगी एकदाही रडली नव्हती, महिनाभर कॉलेजलाही गेली नव्हती, हे आत्ता, या क्षणी त्याच्या लक्षात आलं. थूत् त्याच्या जिनगानीवर! त्याने तिचं मनगट पकडलं. बर्फासारखं गार. नाडी अडतीस.

"सोड ना, बाबा," ती डोळे मिटून म्हणाली. "किती छान वाटतंय."

डॉक्टरला काय सांगणार होता? त्याने तसाच दाईगोला फोन लावला. "तालमीला ये. आत्ताच्या आत्ता. चिहारूचं गाणं वाजवायचंय, शेवटापर्यंत."

"शेवटापर्यंत?" दाईगो म्हणाला. "लेका, तिचे दिवस झाल्यापासून तू एक गाणं संपवलेलं नाहीस. दर वेळी मधेच उठतोस."

खरंच होतं. गाण्याच्या शेवटी सगळ्यांनी जिवाच्या आकांताने वाजवत राहायचं आणि नजर ड्रमवाल्यावर ठेवायची. त्याने काठ्या उंच धरल्या आणि खाली आणल्या की गाणं संपलं, सगळे मोकळे. तोवर कुणी थांबायचं नाही. शिगेकीने तो शेवटचा ठोकाच कुणाला दिला नव्हता.

तिसऱ्या प्रहरी दोघांनी गाणं सुरू केलं. शिगेकी या वेळी जमिनीसाठी थांबला नाही. तिला ओढत, फरफटत नेऊ लागला. छातीत कळा येत होत्या. शेवट आला. दाईगो त्याच्याकडे बघत गिटार ओरबाडत होता. कोपऱ्यातला बासचा स्पीकर बंद होता, त्यापुढे कुणी नव्हतं, पण तिथूनही कुणीतरी आपल्याकडे बघतंय हे शिगेकीला पक्कं कळत होतं. त्याने काठ्या उचलल्या. जमीन थरथरायला लागली. हात खाली येईनात.

"अरे मार की, गाढवा!" दाईगो किंचाळला. "बोटं फुटली माझी!"

"मी घरी थांबायला हवं होतं गं," शिगेकी मोठ्याने म्हणाला. "चुकलो मी. जा आता."

काठ्या खाली आल्या. जमीन नुसती जमीन झाली.

दाईगोचा चेहरा पांढराफटक पडला होता. "शिगे," तो कुजबुजला, "आत्ता माझ्या शेजारून कोण गेलं?"

शिगेकी उत्तर द्यायला थांबलाच नाही. पळत सुटला. धापा टाकत जिना चढला, दार उघडलं. कानाए स्वयंपाकघरात फरशीवर दोन्ही तळवे टेकून बसली होती, काहीतरी चाचपडत असल्यासारखी.

"बाबा, आई इथे होती."

"माहीत आहे."

"रोज होती. आत्ता एकदम गेली." तिने वर पाहिलं. "कुणी घालवलं तिला?"

गप्प बसता आलं असतं. आजवर बसलाच होता.

"मी घालवलं," तो म्हणाला.

ती उठली आणि दोन्ही मुठींनी त्याच्या छातीवर मारायला लागली, भराभर, वाटेल तसं, कसलाच ताल न धरता. मारता मारता तिला रडू फुटलं. शिगेकीने तिला अडवलं नाही.