तुपाची बरणी

लेकीला पहिल्यांदा माझ्या सासरी आणलं तेव्हा सगळ्यांनी तिला फुलासारखं जपून आणलं, असं आमच्या घरात अजून सांगतात. सांगू देत. मी त्याच गाडीत होते.

गौरा तीन महिन्यांची झाली, तशी आम्हाला गंगाखेडच्या माहेराहून सेलूला न्यायला माझा नवरा रामलिंग आणि सासूबाई सिद्धम्मा टॅक्सी करून आले. सासूबाईंना मी आत्या म्हणते. आल्या आल्या त्यांनी एक छोटी लोखंडी सुरी फडक्यात गुंडाळून गौराच्या दुपट्यात खोचली. तान्ह्या लेकराला गावाबाहेर काढायचं तर जवळ लोखंड पाहिजे, म्हणजे बाहेरचं काही लागत नाही. मी अडवलं नाही. त्यांच्या परीनं त्या जपतच होत्या.

माझ्या भावानं, बसवेश्वरनं, भाचीसाठी पुण्याहून गाडीत बांधायची खुर्ची पाठवली होती. ती मागच्या सीटवर, लेकराचं तोंड मागं येईल अशी ठेवून गाडीच्या पट्ट्यानं कशी आवळायची, हे त्यानं व्हिडिओ कॉलवर मला पाठ होईपर्यंत शिकवलं. रामलिंगनं ती उलटीपालटी करून पाहिली, भारी आहे म्हणाला आणि डिकीत टाकली. मी म्हटलं, ती आत पाहिजे. त्यावर, आईची मांडी असताना लेकराला खुर्ची कशाला, असं त्याचं म्हणणं. एवढ्याशा जिवाला जखडून नेलं तर लोक नावं ठेवतील, असं आत्यांचं. ड्रायव्हर पप्पू तर हसलाच. त्याच्या गाडीत म्हणे एकाच मांडीवर जुळी लेकरं नांदेडपर्यंत गेली होती. माझ्या आईनं डोळ्यांनीच दटावलं, की निघायच्या वेळी तोंड वाजवू नको. मी दात-ओठ खात गाडीत बसले.

गाव सुटता सुटता चौकात पोलिस दिसले. पप्पूनं झटकन पट्टा अंगावर ओढला, शेजारी बसलेल्या रामलिंगनंही ओढला. चौक मागं पडला तसे दोघांनी सोडून दिले. म्हणजे पट्टा काय चीज आहे हे यांना चांगलं ठाऊक होतं. दंडाच्या भीतीनं स्वतःची छाती बांधून घ्यायची आणि लेकीला मात्र माझे दोन हात पुरे. माझं डोकं तिथूनच तापायला लागलं.

दैठण्याच्या अलीकडं उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर चालला होता. पप्पू एका हातानं मोबाइल कानाला लावून त्याच्या पार मागं जाऊन चिकटला. ट्रॅक्टर थांबला, पप्पूनं करकचून ब्रेक दाबला आणि गौरा माझ्या हातातून सुटली. मी घट्ट धरलं होतं. कुणीही येऊन विचारावं, मी दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. तरी ती पुढच्या सीटच्या पाठीवर आपटून माझ्या पायांत पडली. क्षणभर तिचा आवाजच आला नाही. मग तिनं टाहो फोडला तेव्हा माझ्या जिवात जीव आला. दुपट्याच्या घड्या जाड होत्या, म्हणून कपाळावर लाल वळ येण्यावर निभावलं.

आत्यांनी तिला उचलून घेतलं आणि आधी सुरी चाचपली. "बघ, लोखंड व्हतं म्हनून वाचली," त्या म्हणाल्या. काही झालं नाही, चला, असं रामलिंग म्हणाला. पप्पू ट्रॅक्टरवाल्याला शिव्या देत होता. मी गाडी बाजूला घ्यायला लावली आणि उतरून डिकी उघडली.

भावानं पाठवलेल्या खुर्चीत माझ्या आईनं दिलेली तुपाची बरणी बसली होती. चिनी मातीची बरणी फुटू नये म्हणून रामलिंगनं खुर्चीचे पट्टे तिच्या पोटावरून घेऊन नीट अडकवले होते. तुपाला पट्टे आणि लेकीला मांडी. मी बरणी काढून त्याच्या हातात दिली आणि खुर्ची मागच्या सीटवर नेऊन ठेवली.

गाडीचा पट्टा बाजूला लोंबत होता, पण तो ज्यात अडकवायचा तो खटका काही सापडेना.

"वहिनी, त्यो कव्हरखाली गेलाय," पप्पू म्हणाला. "मागं कोन पट्टा लावायलाय?"

मी म्हटलं, कव्हर काढा. तर ते नवंकोरं, ओढून शिवून बसवलेलं होतं, निघत नव्हतं.

"त्रिवेणी, तमाशा करू नको," रामलिंग म्हणाला. "लोक बघायलेत."

बघत होतेच. उसावर बसलेली माणसं माना वळवून बघत होती. मी आत्यांच्या मांडीवरच्या दुपट्यात हात घातला, सुरी काढली आणि ते कव्हर या टोकापासून त्या टोकापर्यंत फाडलं. पप्पू आवं आवं करत राहिला. खालच्या खटक्यावर कंपनीचं प्लास्टिक अजून तसंच होतं. गाडी घेतल्यापासून त्याला कुणाचा हात लागला नव्हता. ते मी दातांनी ओरबाडून काढलं, खुर्ची आवळली, हलवून पाहिली आणि गौराला तीत बसवलं. आत्यांनी सुरीसाठी हात पुढं केला. ती परत दुपट्यात खोचायची होती.

"लेकराजवळ सुरी नको, आत्या," मी म्हटलं. "तिचं काम झालंय." त्यांनी ती स्वतःच्या पिशवीत टाकली.

डिकीत आता बरणीला आधार नव्हता, म्हणून रामलिंग ती मांडीवर घेऊन बसला. परभणी मागं पडली. मानवतच्या पुढं एक म्हैस आडवी आली आणि पप्पूनं पुन्हा ब्रेक दाबला. बरणी रामलिंगच्या हातातून उडाली, पुढं आपटली आणि त्याच्या पायांत फुटली. गाडीभर तुपाचा वास पसरला. मी गौराकडं पाहिलं. ती झोपेतच होती.

रामलिंगनं वाकून एक खापर उचललं.

"घट्ट धरली व्हती गं," तो म्हणाला.

"मीबी धरली व्हती," मी म्हटलं.