नाशिकला जाऊन त्याच दिवशी परत

अक्षया दहावीला होती त्या वर्षी गंगुबाईला अर्धांगाचा झटका आला. ही गोष्ट त्यानंतर दोन वर्षांनी घडलेली, पोरीची बारावी झाली त्या मे महिन्यातली.

रत्नागिरीजवळच्या काळबादेवी गावातल्या त्या घरात तेव्हा तीनच माणसं. बोटीवरची खलाशाची नोकरी करून घरी बसलेला भिकाजी, खाटेवर पडलेली त्याची बायको गंगुबाई आणि त्यांची नात अक्षया. मुलगा सुजय आणि सून राजश्री मुंबईला, दोघंही नोकरीवाली. मुंबईची खोली लहान, म्हणून पोर लहानपणापासून आजी-आजोबांकडेच वाढलेली. झटका आला तेव्हा राजश्री सुट्टी काढून आली होती. पंधरा दिवसांनी भिकाजीनेच तिला परत पाठवलं. "आम्ही दोघं बघतो. तुम्ही तुमच्या नोकऱ्या सांभाळा, कुणी यायला नको," असं तो म्हणाला आणि पुढे तो शब्द धरून बसला.

बघायचं म्हणजे काय, ते बघणाऱ्यालाच कळतं. गंगुबाईला कुशीवर वळवायचं, पेज भरवायची, अंथरूण बदलायचं. दिवसाचं काम नातीने आणि आजोबांनी वाटून घेतलेलं. रात्रीचं सगळं भिकाजीने आपल्याकडे ठेवलेलं. त्यामुळे दोन वर्षांत त्याला सलग झोप अशी लागलीच नव्हती.

पोरीला फिजिओथेरपी शिकायची होती. आजीच्या हातापायाला व्यायाम द्यायला बाई यायची, तिचं बघून अक्षयाने ते मनात घेतलं होतं. नाशिकला दोन कॉलेजं होती. प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी ती डोळ्यांनी बघायची होती. पण पोरीला एवढ्या लांब एकटी धाडायची नव्हती, एसटीने दोघांनी जाऊन येऊन तीन दिवस जाणार, आणि गंगुबाई या दोघांखेरीज कुणाच्या हातचं जेवायची नाही. मग जायचं कसं?

भिकाजी गावदेवीकडे कौल लावायला गेला. काशीराम गुरवाने देवीच्या पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

"पोरीला बाहेर धाडू का?" भिकाजीने विचारलं.

उजवी पाकळी पडली.

"आणखी काय विचारायचंय?" काशीराम म्हणाला.

भिकाजीने मान खाली घालून विचारलं, "माझ्या आधी खाटेवरच्या हिला नेशील का? माझ्या पाठी हिचे हाल नकोत."

बराच वेळ काही हललं नाही. मग डावी पडली. काशीराम दुसरीकडे बघायला लागला. भिकाजीने नारळ ठेवला आणि घरी आला. उजव्या कौलाचं त्याने घरात सांगितलं. डाव्याचं नाही.

त्याच आठवड्यात गंगुबाईचा भाचा शुभंकर भेटायला आला. तो एका कारखानदाराचं चार माणसांचं विमान चालवायचा. मालक समुद्रावर सुट्टीला आला होता आणि विमान रत्नागिरीच्या विमानतळावर उभं होतं.

"आतोबा, गुरुवारी मी विमान नाशिकला नेतोय. एक पार्ट बदलायचाय. संध्याकाळी परत. मालकाला विचारलंय मी, जागा रिकाम्याच आहेत. चला दोघं."

गंगुबाई खाटेवरून तोंडाच्या चांगल्या बाजूने हसली. "जा," ती म्हणाली. मग जीभ गोळा करून आणखी दोन शब्द बोलली, "पडू नका."

"पडलो तर तुझ्याच अंगणात पडतो," भिकाजी म्हणाला.

गुरुवारी पहाटे त्याने गंगुबाईला पेज भरवली, दुपारपुरतं शेजारच्या दमयंतीला बसवलं आणि रिक्षात हापूसच्या तीन पेट्या चढवल्या. दोन कॉलेजांच्या दोन प्राचार्यांना आणि एक होस्टेलवाल्या बाईंना. माणसाच्या दारी रिकाम्या हाताने जायचं नसतं, आणि आंबा तर संपत आलेला.

शुभंकरने पेट्या बघून कपाळावर हात मारला. "आतोबा, हे काय एसटीचं टप आहे? इथं माणसाचंसुद्धा वजन धरतात. तुमचं किती?"

"बहात्तर. बोटीच्या डॉक्टरनं लिवलंय."

"कधी?"

"तेव्हा."

शुभंकरने वजनकाटा जमिनीवर ठेवला. भिकाजी चपला काढून देवळात चढावं तसा त्यावर चढला. शुभंकर वाकला, परत वाकला.

"साठ! बाकीचे बारा कुठं ठेवलेत?"

"बोटीवर राहिले," भिकाजी म्हणाला. "बरंच झालं की. तेवढ्यात एक पेटी बसंल."

खरोखरच एक पेटी बसली. बाकीच्या दोन रिक्षावाल्याबरोबर घरी गेल्या. अक्षया काट्याकडे बघत उभी राहिली. रोज ज्या माणसाच्या पानात ती वाढायची, त्याच्या अंगावरचं इतकं मांस कधी गेलं, हे तिला कळलंच नव्हतं.

भिकाजीने पिशवीतून नारळ काढला आणि विमानाच्या चाकापुढे उकिडवा बसला.

"आतोबा, फोडू नका! करवंटीचा तुकडा पंख्यात गेला तर आपलं नाशिक इथंच."

"बिनगाऱ्हाण्याचं कसं निघायचं?"

"आत बसून घाला."

मग पुढच्या सीटवर नारळ मांडीत घेऊन, कानाला ते मोठं यंत्र लावून भिकाजीने गाऱ्हाणं घातलं. "हे गावदेवी आई, आज तुझं लेकरू शिक्षणापायी बाहेर पडतंय, वाटेत काय वाकडं असंल तर सरळ कर गो माये..."

"होय महाराजा," मागून अक्षया म्हणाली.

"होय महाराजा," शुभंकर म्हणाला. "आणि आता जरा गप्प राहा, मला टॉवरशी बोलू दे."

विमान उठलं. जो किनारा भिकाजीने जन्मभर समुद्रातून पाहिला, तो आज वरून दिसत होता. जयगडची खाडी, पुढे डाव्या हाताला अंजनवेलच्या वीजप्रकल्पाच्या चिमण्या. याच पाण्यात तो वल्हं मारायला शिकला होता. नातीला दाखवावं म्हणून त्याने बोट उचललं. ते बोट काचेला टेकलं तसंच राहिलं. भिकाजी झोपला होता.

सह्याद्रीवर विमान हिंदकळलं, तरी तो उठला नाही. विमान नाशिकला उतरलं तेव्हा शुभंकरने त्याला हलवून जागं केलं.

पहिल्या कॉलेजात प्राचार्य नव्हते. आंब्याची पेटी शिपायाच्या टेबलाखाली गेली. अक्षयाला एक मॅडम आतलं सगळं दाखवायला घेऊन गेल्या आणि भिकाजी व्हरांड्यातल्या बाकावर टेकला. तासाने अक्षया परत आली तेव्हा तो बाकावर आडवा होता, डोक्याखाली चपला, पोटाशी नारळ. तोंड उघडं. येणारी-जाणारी मुलं त्याचे पाय वाचवून चालत होती. अक्षया जवळ बसली. आजोबांच्या मनगटाचं हाड तिने पाहिलं. सकाळचा काटा तिला आठवला.

दुसऱ्या कॉलेजात तर तो रिक्षातून उतरलाच नाही. "तू बघून ये गो, मी हाय हितंच," म्हणाला आणि पुन्हा डोळे मिटले. ती दहा मिनिटांत परतली.

"एवढ्यात बघून झालं?"

"झालं. मला नाही आवडलं. दोन्ही नाही आवडली. मी रत्नागिरीतच बीएस्सी करते."

"का आवडली नाय?"

"नाही आवडली म्हणजे नाही. झोपा तुम्ही."

भिकाजीची झोप तेव्हा उडाली. आपण काय करून बसलो ते त्याला कळलं. पोरीला कॉलेज दाखवायला आणली आणि दिवसभर तिला आपलं थकणंच दाखवलं. ती आता जाणार नाही. आपण गेल्यावर ही एकटी, अठरा वर्षांची, खाटेपाशी बसून राहणार. देवीचा उजवा कौलही फुकट जाणार.

विमानतळावर शुभंकर अजून पार्टच्या मागे होता. बाहेरच्या झाडाखाली अक्षया वाटेकडे बघत बसली होती. भिकाजीने तिच्यासमोरच सुजयला फोन लावला.

"बाबा? या वेळेला? आई बरी आहे ना?"

"आई बरी हाय."

"मग?"

भिकाजीने नारळ एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतला. बोटीवर ताप अंगात असताना त्याने कामाची पाळी केली होती, पण हे वाक्य त्याच्या तोंडातून कधी निघालं नव्हतं.

"मी बरा नाय. मला आता होत नाय रे सुजय."

त्या दिवशी ती दोघंही घरीच होती. फोन राजश्रीने घेतला.

"मामंजी, काय झालं?"

"काय नाय. दमलो. पोर शिकायला जायला हवी, आणि घरी कुणी नाय. तू येशील का गो?"

"दोन वर्षं झाली मामंजी, मी वाट बघतेय तुम्ही बोलवाल म्हणून." तिचा आवाज चढला. "तुम्हीच म्हणालात, कुणी यायला नको. दर फोनला विचारलं, दर फोनला 'आम्ही बघतो'. सुनेला असं दारात उभं ठेवतात का?"

"चुकलो."

"चुकलात ते चुकलात. या महिन्याची नोकरी संपवते आणि येते. अक्षयाला द्या फोन."

अक्षयाने फोन घेतला आणि रडायला लागली. भिकाजी दुसरीकडे बघत राहिला. रडणं संपलं तेव्हा त्याने विचारलं, "खरं सांग. कुठलं आवडलं?"

"पहिलं," ती नाक पुसत म्हणाली. "आंबे खाल्ले त्यांचं."

"मग तेच. आंबे परत मागायला नकोत."

परतीच्या विमानात तो जागा राहायचा प्रयत्न करत होता. घाट उतरल्यावर समुद्र दिसला, तांबूस. मागून अक्षयाने विचारलं, "आजोबा, कौल नक्की उजवाच पडला होता ना?"

"उजवाच."

"आणखी काही विचारलंत?"

"नाय," तो म्हणाला, आणि मग त्याला झोप आवरली नाही.

घरी दमयंतीने सांगितलं, दुपारी गंगुबाईने तिच्या हातची पेज खाल्ली. पहिल्यांदाच. कुरकुर केली, पण खाल्ली. भिकाजीने अंगणात नारळ फोडला आणि अर्धी वाटी तिच्या उशाशी ठेवली.

"पडला नाहीत," गंगुबाई म्हणाली.

"पडलो नाय."

जूनच्या पहिल्या आठवड्यात राजश्री आली आणि रात्रीचं काम तिने घेतलं. अक्षया पुढे नाशिकला गेली आणि आता स्वतःच आजीला व्यायाम कसा द्यायचा ते फोनवरून आईला सांगते. गंगुबाई हळूहळू खाटेवर बसायला लागली. ती अजून आहे.

भिकाजी त्याच वर्षी कार्तिकात, तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, झोपेत वारला.