एक ओळ खाली

बाईंच्या नवऱ्याचा निवडणुकीवरचा विश्वास उडून दोन वर्षं झाली होती. यादीत घोळ, पेटीत घोळ, मोजणीत घोळ, असं तो रोज जेवताना सांगायचा आणि हे सगळं दाबतं कोण, असं विचारायचा. बाई शाळेत गणित शिकवत आणि निवडणूक आली की मतदान केंद्र सांभाळत. म्हणजे घोळ करणाऱ्या टोळीतलीच एक त्याला दोन वेळा जेवायला वाढत होती. एवढ्या मोठ्या कटाचा सुगावा साहेबांना घरबसल्या, लोळता लोळता लागला होता.

यंदा माणसं कमी पडली म्हणून बाईंना गल्लीतल्याच वाचनालयात नेमलं. दुपारी नवरा ऐटीत आत आला. बाईंनी यादीवर पट्टी ठेवून त्याचं नाव शोधलं. यादीप्रमाणे नवऱ्याचं मत देऊन झालं होतं. वरच्या ओळीत मोठे दीर, त्यांच्यापुढे खूणच नाही. सकाळी दीर मत देऊन गेले, तेव्हा बाईंनी खूण एक ओळ खाली केली होती.

"बघ! मी काय म्हणत होतो?" वाकून यादी बघणाऱ्या नवऱ्याचा चेहरा उजळला. शेवटी एकदाचा घोळ सापडला होता, तोही घरचा. मग तो कुणाचा हे त्याच्या डोक्यात शिरलं आणि आवाज खाली आला. "अगं, दादाच्या नावापुढे खूण कर आणि मला मतपत्रिका दे. आकडा जुळतोच. कुणाला कळतंय?"

बाईंच्याही मनात नेमकं तेच आलं होतं आणि त्याची त्यांना लाज वाटली. एक खूण केली की वीस वर्षांची नोकरी स्वच्छ राहणार होती. लिहून दिलं तर चौकशी, आणि हातातोंडाशी आलेलं मुख्याध्यापकपद दुसऱ्याला.

त्यांनी कोपऱ्यात पेंगणाऱ्या दोन्ही पक्षांच्या प्रतिनिधींना हाक मारली. "इकडे या. माझ्याकडून चूक झालीय. तुमच्यासमोर नोंद करते."

"वेड लागलंय का तुला?" नवरा कुजबुजला. "असल्या गोष्टी दाबायच्या असतात!"

"दोन वर्षं विचारत होतात ना, हे सगळं दाबतं कोण?" बाईंनी लिहिलेला कागद पुढे सरकवला. "वाचा आणि सही करा."

नवऱ्याने कागद शेवटपर्यंत वाचला. मोबाईलवर आलेलं काही पुढे पाठवताना त्याने असं कधी केलं नव्हतं. मग त्याने सही केली.

"तुझं मुख्याध्यापकपद गेलं," तो म्हणाला.

"गेलं." बाईंनी मतपत्रिका त्याच्या हातात दिली. "तुमचं मत नाही गेलं. व्हा पुढे, रांग थांबलीय."