बत्ता गादीखाली, खल कपाटावर

मी खलबत्ता बोलतोय. पितळेचा. लाकडाच्या किंवा दगडाच्या भाईबंदांशी माझी तुलना करू नका. लाकूड फुटतं, दगड झिजतो. मी फक्त काळा पडतो, आणि लिंबाने घासला की पुन्हा तोच. गोड बोलणं मला जमत नाही. माझा जन्म मार खाण्यासाठी झाला. तेव्हा जे आहे ते सरळ सांगतो.

कैरोतल्या तांबटांच्या आळीत एका म्हाताऱ्या ओताऱ्याने मला वाळूच्या साच्यात ओतलं. निवल्यावर त्याने माझ्या काठावर बत्त्याचा एक ठोका दिला, कान लावला आणि म्हणाला, "हा बोलतो." तेवढंच. कौतुक नाही, काही नाही. बहिगाच्या आईने मला लेकीच्या रुखवतात द्यायला घेतलं. "पोरीच्या घरात आवाज पाहिजे," ती म्हणाली.

अशा रीतीने मी बहिगाबरोबर मनसुरा शहरात आलो. तिसरा मजला, दोन खोल्या, गल्लीवर एक सज्जा. नवरा कापसाच्या गिरणीत. वर्षाच्या आत अफाफ झाली. एकच लेक. पुढे दुसरं मूल झालं नाही.

आमच्याकडे बाळाच्या सातव्या दिवशी माझं काम असतं. बाळाला मोठ्या चाळणीत घालून जमिनीवर ठेवतात. धूप जाळतात. आई चाळणीवरून पाय टाकून इकडून तिकडे जाते. आणि घरातली सर्वांत म्हातारी बाई बाळाच्या कानाशी मला वाजवते.

बहिगाच्या आईने मला उचललं. ठण्ण! "आईचं ऐक!" ठण्ण! "बापाचं ऐकू नकोस!"

बाप दारात उभा होता. "मला ऐकू येतंय बरं का," तो म्हणाला.

"तुझ्यासाठीच आहे ते," सासूबाई म्हणाल्या. बायका खो खो हसल्या.

बाळ दचकून रडलं. म्हणजे हुकूम पोचला. अफाफच्या आयुष्यातला पहिला हुकूम मी दिला, याचा मला अभिमान आहे. होता, असं म्हणू.

पोर खरंच ऐकायची. स्टुलावर उभी राहून माझ्यात लसूण आणि धने कुटायची. मुलुखियाची पातळ हिरवी भाजी होत आली की त्या लसणाची फोडणी वरून ओततात, आणि ओतताना बाईने दचकल्यासारखा श्वास आत ओढायचा असतो. हाऽ! नाही ओढला तर पाला तळाला बसतो.

"का ओढायचा?" अफाफने विचारलं.

"माझी आई ओढायची."

"पण का?"

"कारण तुझी आई ओढते. कूट!"

अफाफ कुटायची. पुढे तिला शिकायला कैरोला जायचं होतं. बहिगा तिला समोर बसवून म्हणाली, "मनसुऱ्यात कॉलेजं नाहीत का? मी इथे एकटी काय भिंतींशी बोलू?" बाप तोवर गेलेला. अफाफ तीन दिवस जेवली नाही. चौथ्या दिवशी मुकाट्याने इथल्याच कॉलेजात नाव घातलं. नोकरी इथेच धरली, वीज कंपनीत. लग्न इथेच केलं, नदीपलीकडच्या भागात. दर शुक्रवारी आईकडे जेवायला. मला वाटायचं, हुकूम कसा पाळावा ते हिच्याकडून शिकावं.

मग वारं फिरलं. कधी फिरलं ते मला नीट सांगता येणार नाही. आधी अफाफ जेवायला यायची. मग येताना एखादा पदार्थ आणू लागली. मग आई पातेल्यात मीठ घालताना ती मागे उभी राहू लागली. "बस झालं." "डॉक्टर काय म्हणाले?" "आई, दाखव किती घातलंस." बहिगाला रक्तदाब आहे. तिला तो कुणी पाहुणा वाटतो. चार दिवस राहील आणि जाईल.

एके दिवशी बहिगा लसणाची फोडणी गॅसवर ठेवून सज्ज्यात गेली. खाली भाजीवाला आला होता. तिने दोरीने टोपली खाली सोडली आणि वांग्यांवरून घासाघीस करत बसली. इकडे फोडणी पेटली, पडदा पेटला. शेजारणीने घोंगडी टाकून विझवला. अफाफ धावत आली. आईसमोर ती नुसती ओरडत होती. पण स्वयंपाकघरात एकटी आली तेव्हा मी तिला पाहिलं. बाहीने भिंतीची काजळी पुसत होती आणि दर वेळी वळून गॅस बंद आहे ना ते बघत होती. हे बहिगाने पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं. या घराचं दुर्दैव हेच की जे दाखवायला हवं ते स्वयंपाकघरात होतं आणि जे गिळायला हवं ते पाहुण्यांच्या खोलीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी बहिगा झोपली असताना अफाफने शेगडीची बटणं उपसली. चारही. पर्समध्ये टाकली. मग मला उचलून कपाटाच्या माथ्यावर ठेवलं.

बहिगा उठली. शेगडीसमोर बराच वेळ उभी राहिली.

"चहा लागला तर?" तिने विचारलं.

"विजेची किटली आणलीये."

"तिचा चहा मोजे धुतलेल्या पाण्यासारखा लागतो."

"लागू दे. आणि खलबत्ता खाली काढायचा नाही. मनगट बघ तुझं, किती अधू झालंय. पायावर पडला म्हणजे?"

त्या संध्याकाळी बत्ता नाहीसा झाला. वर नुसता खल ठेवला होता, बत्ता ओट्यावर राहिला होता. बहिगाने तो फडक्यात गुंडाळून आपल्या गादीखाली सारला. लेकीने तोही नेला तर, म्हणून.

आता माझी अवस्था बघा. खल कपाटावर, बत्ता गादीखाली. मला तोंड होतं, जीभ नव्हती. वर धूळ, एक फुटकी सूटकेस आणि मी. आणि खाली या दोघी.

अफाफ दर शुक्रवारी डबे आणायची. प्रत्येकावर वाराचं नाव चिकटवलेलं. सगळं अळणी. शनिवारी बहिगा शनिवारचा डबा टोपलीत घालायची आणि दोरीने खाली इमारतीच्या राखणदाराच्या बायकोकडे सोडायची. स्वतः भाकर आणि चीज खायची. खारट चीज! ज्या मिठासाठी एवढं रामायण झालं ते मीठ असं मागच्या दाराने घरात येत होतं.

"वांगी आवडली का गं?" अफाफ विचारायची.

"वा! काय झाली होती!"

"वांगी नव्हतीच, आई. भेंडी होती."

"मग भेंडी छान झाली होती."

अफाफ कपाळाला हात लावायची. "तू माझ्याशी खोटं बोलतेस."

"आणि तू माझ्याशी बोलतच नाहीस, माझे आई. तू नुसती तपासणी करतेस."

मला दोघींचा राग यायचा. एकीने म्हणावं, मला रांधायचंय, रांधल्याशिवाय मला दिवस जात नाही. दुसरीने म्हणावं, मला भीती वाटते. एवढी दोन वाक्यं. त्यासाठी काही शाळा शिकावी लागत नाही. पण नाही. एक डबे भरत होती, दुसरी डबे खाली सोडत होती.

त्यातच अफाफची लेक रिहाम बाळंत झाली. मुलगी झाली. सातव्या दिवसाचा समारंभ अफाफकडे ठरला. आणि अफाफने बाजारातून नवा खलबत्ता आणला. पत्र्याचा. गुलाबी फिती लावलेला. आईला झेपेल असा हलका.

तो बहिगाला दाखवायला ती घेऊन आली. बहिगाने नखाने वाजवून पाहिला. "हा डबा आहे. डब्याचं कोण ऐकणार?"

"नुसती रीत आहे, आई."

"रीत आहे तर रीतीने कर. माझा काढ."

"तुला तो उचलत नाही."

"मग मी येत नाही."

"नको येऊस!"

अफाफ दार आपटून गेली. सर्वांत म्हातारी बाई समारंभाला नाही म्हणजे अपशकुन आणि वर चार लोकांत शोभा. रिहामने फोन केला, रडली. बहिगाचा एकच हेका. समारंभाच्या सकाळी अफाफ परत आली. घाम फुटलेला, तोंड आवळलेलं. स्टूल ओढलं आणि कपाटाला धरून वर चढली.

"तुझा गुडघा!" बहिगा ओरडली.

"माझा गुडघा मी बघेन."

"माझं मनगटही मीच बघत होते."

अफाफने मला खाली उतरवलं. माझ्यावर बोटभर धूळ. "बत्ता कुठाय?"

"कुठला बत्ता?"

"आई!"

बहिगा उठली, गादीची कड उचलली आणि फडक्यातला बत्ता काढून पुढे केला. अफाफ त्या जागेकडे बघतच राहिली. निजल्यावर पाठीच्या बरोबर मध्ये येईल अशी.

"यावर झोपत होतीस? पाठ दुखते म्हणून मी तुला दोन डॉक्टरांकडे नेलं! फोटो काढले पाठीचे!"

"दुखतच होती की."

अफाफला हसू आलं असावं. तिने ते गिळलं. तिथेही चुकलीच.

समारंभाला घर भरलेलं. खजूर, शेंगदाणे, मेणबत्त्या. चाळणीत बाळ. बहिगा खाली बसली, मला मांडीजवळ घेतलं. ठण्ण! कितीतरी दिवसांनी माझा आवाज मला ऐकू आला. खोलीतली कुजबूज थांबली. "आईचं ऐक!" ठण्ण! "बापाचं ऐकू नकोस!" तिसऱ्यांदा तिने हात उचलला आणि मनगट फिरलं. बत्ता निसटला. चाळणीपासून वीतभर अंतरावर फरशीवर पडला. फरशीला टवका उडाला.

रिहामने बाळ उचललं. कुणी ओरडलं, कुणी देवाचं नाव घेतलं. अफाफने बत्ता झडपला आणि आईच्या कानाशी मला दणादण वाजवलं.

"आणि तू! तू लेकीचं ऐक! ऐक एकदा तरी!"

पाहुणे आधी हसले. त्यांना वाटलं, गंमत आहे. मग त्यांनी अफाफचा चेहरा पाहिला.

असं मला आजवर कुणी वाजवलं नव्हतं. लेकराच्या कानाशी मी वाजतो. म्हाताऱ्या आईच्या कानाशी मला वाजवायची रीतच नाही. ती कुणी बांधून दिली नाही, म्हणून हे सगळे असे अंधारात चाचपडतात.

बहिगा पांढरी पडली होती. हात मांडीवर धरून बसली होती. पण बोलली ती ठामपणे.

"ऐकलं. हात गेला माझा, खरं आहे. बाळाला लागलं असतं तर मी जिवंत राहिले नसते. पण अफाफ, कैरोला जाऊ नकोस हे मी तुला समोर बसवून सांगितलं होतं. चुकले असेन. पण समोर बसवून. तू माझी बटणं मी झोपले असताना नेलीस."

अफाफच्या हातात बत्ता होता. तिला तो कुठे ठेवावा कळेना.

"जागी असताना नेता आली नसती, आई," ती म्हणाली. "तू रडली असतीस. मग मी परत लावली असती. आणि मग तू जळाली असतीस."

"हे तू तेव्हा म्हणायचंस."

रिहाम म्हणाली, "तुमचं झालं असेल तर माझं बाळ भुकेलंय." तिच्या नवऱ्याने घाईने गाणी लावली. खजुराची ताटं फिरली. दोघी एकमेकींकडे न बघता घरभर वावरल्या.

पुढच्या शुक्रवारी अफाफ आली ती डबे न आणता. पिशवीत मुलुखियाचा पाला होता. तिने पर्स उघडली आणि एकेक करून बटणं शेगडीला लावली. बहिगा बघत होती, पण बघत नसल्यासारखी. मग अफाफने ओट्यावर दुमडलेला टॉवेल ठेवला, त्यावर मला ठेवलं, माझा काठ दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाली, "कूट."

बहिगा खुर्चीत बसून कुटू लागली. हळू. कधी लसणावर, कधी माझ्या काठावर, एकदा अफाफच्या अंगठ्यावर.

"अगं आई गं!"

"बोट मध्ये कशाला घालतेस? लहानपणीही असंच."

फोडणी ओतताना बहिगाने श्वास ओढला. हाऽ! आणि मागे उभ्या अफाफनेही ओढला. तिच्या नकळत. मग मिठावरून भांडल्या. चिमूट की अर्धी चिमूट, यावर भाजी निवून गेली. सगळं सुरळीत झालं असं समजू नका.

निघताना अफाफने बटणं काढली. तीनच निघाली. चौथं आधीच गेलं होतं. तिने शेगडीकडे पाहिलं, मग आईकडे. बहिगा सज्ज्याकडे तोंड करून भाजीवाल्याची वाट बघत होती. शुक्रवारी तो येत नाही.

अफाफने तीन बटणं पर्समध्ये टाकली. मग वाकून सिलिंडरचा रेग्युलेटर काढला, तोही टाकला. "येते गं," म्हणाली.

"ये हो, माझे आई."

चौथं बटण आता गादीखाली आहे. बहिगाला वाटतं, लेकीला कळलं नाही. अफाफला वाटतं, आईला रेग्युलेटरचं कळलं नाही. मला दोघींचं कळतं आणि मला अजूनही दोघींचा राग येतो. पण मी ओट्यावर आहे. बत्ता माझ्यात आहे. शुक्रवारी दोन माणसं मिळून मला वाजवतात, त्यामुळे आवाज जरा बसका येतो. येऊ दे.

लेकींनो, मला घासलंत तर लिंबाने घासा. नाही घासलंत तरी माझं अडत नाही. कपाटावर ठेवणं अगदी भागच असेल, तर ठेवा. पण जिचा मी आहे तिला विचारून ठेवा. आणि ती जागी असताना.