रांजणावर आलेला आळ

मित्रांनो, मी एक जुना रांजण आहे. आता कोरडा पडलोय, आणि वर माझ्यावर आळ आहे.

इजिप्तमधल्या केना गावच्या कुंभाराने मला नाईलच्या मातीतून घडवलं. तांता शहरातल्या बयूमी हाजींनी मला त्यांच्या शर्टांच्या कारखान्याच्या दारात घडवंचीवर बसवलं. त्यांची आई नुकतीच गेली होती. येणाऱ्याजाणाऱ्याची तहान भागावी आणि पुण्य तिला पोचावं, ही आमच्याकडची रीत. साखळीला पत्र्याचा एक पेला बांधला होता. पाणी पिणारा प्रत्येकजण त्या माउलीसाठी दुवा मागे. मला ते काम नमाजाइतकंच पवित्र वाटे.

यंदाच्या थंडीत शिलाईवाली इन्साफ तापाने फणफणत आली.

"हाजी, आज घरी जाऊ द्या. उभं राहवत नाही."

"अल्फ सलामा, पोरी!" हाजी छातीवर हात ठेवून म्हणाले. हजार वेळा बरं वाटो, असं आजाऱ्याला म्हणायचंच असतं. "गरम लिंबूपाणी घे. पण मशीन सोडलंस तर उद्या तिथे दुसरी बसलेली दिसेल, हं."

शेजारच्या मशीनवरची करीमान पुटपुटली, "सलामा हजार, सुट्टी एक नाही!"

इन्साफ बसली. घसा सुकला की माझ्याकडे येऊन त्याच पेल्याने पाणी पिई. तिच्यामागून इस्त्रीवाले वहदानकाका पीत. त्यांना आधीच दमा. बघता बघता सगळा कारखाना खोकू लागला. जो तो "अल्फ सलामा" ऐकून पुन्हा कामाला जुंपला जाई. एके दुपारी वहदानकाका इस्त्रीशेजारीच कोसळले. त्यांना इस्पितळात न्यावं लागलं.

तेव्हा हाजी तरातरा माझ्याकडे आले. "हा रांजणच रोगाचं घर आहे!" म्हणत त्यांनी मला पालथा घातला.

मित्रांनो, पेला एकच होता ही चूक खरी. पण तापलेले ओठ त्या पेल्यापाशी रोज आणले कोणी? बंद खिडक्यांआड खोकणाऱ्या बायका खेटून बसवल्या कोणी? आईच्या नावाने परक्यांना पाणी पाजणाऱ्याला पदरच्या माणसांना चार दिवस निजू देता येऊ नये?

काल करीमानला ताप भरला. तिचं डोकं मशीनवर टेकलं.

"ऊठ, घरी जा," इन्साफ म्हणाली.

"जागा जाईल गं माझी."

इन्साफने स्वतःचं मशीन बंद केलं. मग पलीकडचं थांबलं, मग सगळीच. एवढी शांतता मी तिथे कधी ऐकली नव्हती. हाजी दारात येऊन उभे राहिले.

"काय झालं करीमानला? अल्फ सलामा..."

"दुवा पुरे झाली, हाजी. दार सोडा," इन्साफ म्हणाली. "तुमच्या आईला ताप आला असता, तर तिला मशीनवर बसवलं असतंत? आणि हिची जागा हिचीच राहील. तिथे दुसरी बसली, तर आमच्यातली एकही बसणार नाही."

हाजींची नजर माझ्या पालथ्या पाठीवर गेली. ते बाजूला झाले.

जाता जाता करीमानने सवयीने माझ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "अल्लाह त्या माउलीवर रहम करो." थेंबभर पाणी नसताना मिळालेली ती पहिलीच दुवा.

मित्रांनो, मला पुन्हा भरा, ज्याचा त्याचा पेला वेगळा ठेवा. पण आजाऱ्याला बरं वाटो म्हणाल, तेव्हा आधी त्याच्या वाटेतून बाजूला व्हा.