पेटीला पोट आलं

सासऱ्यांनी स्पीकरच्या पेटीवर टिचकी मारली आणि कान लावला. "भोपळ्यासारखी पोकळ," ते पुटपुटले.

हात थरथरायला लागल्यापासून त्यांनी सुतारकामाला हात लावला नव्हता. घरातच अँप्लिफायर दुरुस्त करणाऱ्या सुनेनं मागे लागून त्यांना ही स्पीकरची जोडी करायला लावली होती. पहिलीच पेटी घुमत होती. दुहेरी भिंतींमधली पोकळी गाण्यासोबत स्वतःही गुणगुणायची. "ही सुधरली नाही, तर हत्यारं भंगारात," त्यांनी सांगून टाकलं होतं, आणि ते बोललेलं करत.

"पोकळीत फोम भरू," सून म्हणाली. "पण अर्धाच, बाबा. तो फुगतो. आणि वरची फट उघडी ठेवायची."

ती लेकीला झोपवून आली, तेव्हा फोमचा डबा रिकामा होता.

"ठासून भरलं," सासरे खुशीत म्हणाले.

"आणि फट?"

"पट्टी चिकटवून बंद केली. फट उघडी टाकून उठायला मी काय कालचा सुतार आहे?"

तेवढ्यात पेटी करकरली. बाजूची फळी डोळ्यांदेखत गोलावत होती. सासऱ्यांनी तिच्यावर दोन्ही तळवे दाबले आणि त्यांचा चेहराच बदलला.

"अगं, आतून ढुशी मारतंय हे."

सुनेनं त्यांचं गिरमिट उचललं. ते फळी धरून राहिले, ती भोकं पाडत गेली. प्रत्येक भोकातून पिवळा फेस डोकं काढायचा, थबकायचा, मग सावकाश फुलायचा. करकर थांबली. कुणी ढकलत नव्हतं, कुणी ओढत नव्हतं, तरी ते वाढतच होतं. तिचा हात नकळत स्वतःच्या पोटावर गेला. गेल्या वर्षी आत कोण कसं वाढतंय, ते तिला तरी कुठे दिसलं होतं?

झोपेतून उठलेली लेक रांगत आली आणि आ वासून बघत बसली. नातीला फेसाला हात लावू नको म्हणायचंही आजोबांना सुचेना. सुनेनंच तिला कडेवर घेतलं.

दुसऱ्या दिवशी वाळलेले गोळे करवतीनं कापले. फळीला जरासं पोट राहिलंच. सासऱ्यांनी टिचकी मारली. झाडाच्या खोडावर मारावी तसा आवाज आला. त्यांनी पुन्हा मारून पाहिली.

सुनेनं गाणं लावलं. गाणारीनं ओळीआधी घेतलेला श्वास खोलीत आला, अगदी शेजारी बसल्यासारखा. मग आवाज भरून आला, खिडकीची काच थरथरली. लेकीनं पेटीला गाल लावला. सासऱ्यांनी तळवा टेकवला आणि गाणं संपेपर्यंत उचलला नाही.

"एवढं चाललंय आत," ते हळूच म्हणाले, "आणि लाकडाला पत्ता नाही."

सून हत्यारांच्या पेटीकडे बघायचं टाळत होती.

सासऱ्यांनी कानावरची पेन्सिल काढली, फुगीर फळीवरून अंगठा फिरवला.

"जोडी म्हटली की सारखी हवी," ते म्हणाले. "मग दुसरीलाही एवढंच पोट ठेवायचं, की ती सडपातळ?"